कुठली एक्झिट?

न्यू जर्सीत नव्याने ओळख झालेला माणूस गावाचं नाव विचारत नाही, ‘कुठली एक्झिट?’ असं विचारतो. तुम्ही एडिसनचे, म्हणून तुमची १३१. गार्डन स्टेट पार्कवेवरचे हे आकडे म्हणजे दक्षिण टोकाच्या केप मेपासून मोजलेले मैल. दोन एक्झिटांची वजाबाकी केली की अंतर कळतं. आज याच रस्त्यावर वर्षांचीही वजाबाकी करायची आहे. गाडी मेट्रोपार्कला राहू द्या आणि ख्रिस्टी स्ट्रीटवर या.

समोर एडिसन मेमोरियल टॉवर. उंची १३१ फूट. (एक्झिटच्या आकड्याशी याचा काही संबंध नाही, पण एडिसनकरांनी तो लावून घ्यायला हरकत नाही.) माथ्यावर १३ फूट ८ इंचांचा काचेचा दिवा. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. तिचे उरलेसुरले अवशेष हेन्री फोर्डने उचलून मिशिगनला नेले आणि १९२९ मध्ये तिकडे ती पुन्हा उभी केली. रात्रीची वेळ मी मुद्दाम निवडली आहे. वर बघा. ओक ट्री रोडची दुकानं, रूट २७, रूट १, मॉलची पार्किंगं, सगळ्यांचा उजेड मिळून आकाश मळकट नारिंगी झालेलं. चंद्र आहे, एक विमान न्यूअर्ककडे उतरतंय, चार-दोन तारे आहेत. आकाशगंगा तुम्ही शेवटची पाहिली ती लहानपणी आजोळी, गच्चीवर गाद्या टाकून. त्यानंतर पाहिली ती फोनवर, कुठल्यातरी दुर्बिणीने काढलेली.

आता पाऊल मागे टाका. १८७८ चा जुलै.

एडिसन नावाचं गाव नाहीसं झालं. टाउनशिपला ते नाव १९५४ मध्ये मिळेल. सध्या हे रॅरिटन टाउनशिप आहे आणि एडिसन आहे तो ३१ वर्षांचा एक माणूस. टेकाडावर पांढऱ्या फळ्यांची लांबट दुमजली इमारत, आत रसायनांचा आणि तंबाखूचा वास. फोनोग्राफ गेल्या वर्षी झाला. दिवा व्हायला अजून सव्वा वर्ष आहे, म्हणून रूळ ओलांडताना जपून चाला, अंधार गच्च आहे. आणि त्या रुळांच्या डोक्यावरून क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाशगंगा गेली आहे. पोटभर बघून घ्या. ती इथून पुसून टाकणारा माणूस आत बसलाय आणि त्याला याची कल्पना नाही.

त्याच्याशी बोलायचं तर आवाज चढवा, त्याला कमी ऐकू येतं. तो तुम्हाला हातातलं यंत्र दाखवेल. टॅसिमीटर. कडक रबराची एक कांडी उष्णतेने किंचित फुगते, कार्बनच्या टिकलीवर दाब देते, त्याने टिकलीतून जाणारा विद्युतप्रवाह बदलतो आणि मापकावरचा प्रकाशाचा ठिपका सरकतो. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडळाला किती ऊब असते, ते त्याला मोजायचंय. मग चला त्याच्याबरोबर आगगाडीने पश्चिमेला, वायोमिंगमधल्या रॉलिन्सपर्यंत.

२९ जुलै. वारा असा सुटलाय की उभं राहणं मुश्कील. खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपरच्या तुकडीतल्या बाकीच्यांनी नीट छपऱ्या उभारल्या आहेत. एडिसनच्या वाट्याला कोंबड्यांचं खुराडं आलंय. खग्रास जेमतेम तीन मिनिटांची. त्यातला बराचसा वेळ दुर्बीण आणि यंत्र जुळवण्यात गेला. शेवटी प्रभामंडळाचा प्रकाश कांडीवर पडला आणि ठिपका मापपट्टीच्या बाहेर निघून गेला. यंत्र नको इतकं नाजूक निघालं. आकडा मिळालाच नाही.

खुराड्यातून बाहेर आलात की तुकडीत एक इंग्रज दिसेल, नॉर्मन लॉकियर. त्याला नमस्कार करा, कारण तो पुढे आपल्या गावी येणार आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याचा तळ पडेल विजयदुर्गावर. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना त्याने १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्या साली लॉकियर इंग्लंडात होता आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने तिथूनच पाहिली. विजयदुर्गाचा मान १८९८ चा, आणि तोही काही थोडका नाही. त्याच दिवशी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला आपल्या दुर्बिणी लावून बसले होते.

ड्रेपरने मात्र रॉलिन्सला प्रभामंडळाचे फोटो घेतले. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री, हडसनकाठच्या आपल्या वेधशाळेतून त्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर काच सुमारे पन्नास मिनिटं उघडी ठेवली. कुठल्याही तेजोमेघाचा हा पहिला फोटो. आज आपण जी रंगीत चित्रं फोनवर सरकवत जातो, त्यांच्या घराण्याचा हा मूळपुरुष म्हणायला हवा.

एडिसनला परत या, गाडी काढा आणि पार्कवेला दक्षिणेकडे लागा. एक्झिट ९८. १३१ वजा ९८, ३३ मैल. उतराल तेव्हा तारीख १ एप्रिल १९६०, वार शुक्रवार.

वॉल टाउनशिपमधला कॅम्प इव्हान्स हा लष्कराचा तळ. जानेवारी १९४६ मध्ये इथल्याच अँटेनाने चंद्रावर रडारचा मारा केला होता आणि अडीच सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकला होता. आज इथे साठ फूट व्यासाची तबकडी आभाळाकडे तोंड करून आहे आणि आत माणसं घड्याळाकडे बघतायत. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी केप कॅनव्हरलहून टायरॉस-१ हा हवामानाचा उपग्रह सुटला आहे. वजन १२२ किलो, अठरा बाजूंचा बुटका डबा, सर्वांगावर ९,२०० सौर घट, तळाशी दोन टीव्ही कॅमेरे. बांधला कुठे? हाइट्सटाउनजवळ, आरसीएच्या कारखान्यात, तुमच्या घरापासून पंचवीसेक मैलांवर. कॅमेऱ्यातली विडिकॉन नळी कुठली? तीही आरसीएच्याच प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत जन्मलेली. म्हणजे सबंध माल जर्सीचा. फक्त रॉकेटने उडवायला तो फ्लोरिडाला नेला.

डबा तबकडीच्या टप्प्यात येतो. साठवून ठेवलेली चित्रं फितीवरून खाली ओतली जातात, पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते, अशा पाचशे ओळी. पडद्यासमोर फोटोचा कॅमेरा लावलाय, कारण हे चित्र कागदावर आणायचा तोच मार्ग आहे. पहिल्यांदा पाहाल तर निराश व्हाल. राखाडी, खरखरीत, तिरकं. कॅनडाचा किनारा आहे, सेंट लॉरेन्सचं आखात आहे आणि वर पांढरे पट्टे. ढग की बर्फ, यावर खोलीत कुजबूज चालली आहे. तारीख एक एप्रिलची, त्यामुळे बाहेर कुणी विश्वास ठेवेल का, हीही शंका असणार. चित्रं वॉशिंग्टनला गेली आणि त्याच दिवशी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातात पडली.

तो डबा ७८ दिवस काम करत राहिला. सुमारे २३ हजार चित्रं. पहिल्या दहा दिवसांतच ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात एक चक्रीवादळ त्याने टिपलं, ज्याची खबर कुठल्याही जहाजाने दिली नव्हती. त्याची वाट विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ४८ अंशांपर्यंत जायची. म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा हा जर्सीचा डबा मुंबई-नागपूरच्याही डोक्यावरून फिरत होता. खाली कुणाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. आपल्याकडे ढगांची चित्रं रोजची झाली ती इन्सॅट-१बी उपग्रहानंतर, रात्रीच्या बातम्यांच्या शेवटी. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातली मोठी माणसं ‘गप्प बसा रे’ म्हणायची ते त्या चित्रासाठी.

आता उलटे फिरा, उत्तरेला सोळा मैल. एक्झिट ११४, होल्मडेल. साल १९६४.

क्रॉफर्ड हिलवर बेल लॅब्जचा एक अवाढव्य कर्णा आहे, तोंड वीस फुटांचं. फुग्यासारख्या उपग्रहावरून परतलेले रेडिओ संदेश पकडायला तो बांधला होता. ते काम संपल्यावर आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तो खगोलशास्त्रासाठी मागून घेतला. तुम्ही पोचाल तेव्हा दोघे वैतागलेले असतील. कर्णा कुठेही फिरवा, एक बारीक खरखर येतच राहते. न्यूयॉर्ककडे फिरवला तरी तेवढीच, आकाशगंगेपासून दूर नेला तरी तेवढीच. दिवसा, रात्री, उन्हाळ्यात, हिवाळ्यात. तापमानाच्या भाषेत सांगायचं तर निरपेक्ष शून्याच्या वर साडेतीन अंश, आणि त्याचा हिशेब लागत नाही.

आत कबुतरांची एक जोडी राहते. त्यांनी कर्ण्याची आतली बाजू पांढरी करून ठेवली आहे. त्यांना पकडून व्हिपनीला पाठवलं. कबुतरं परत आली. शेवटी बंदूक आणावी लागली. घासून-पुसून कर्णा लख्ख केला. खरखर तिथेच. या टप्प्यावर त्यांना काही सांगायचा मोह तुम्हाला होईल. थांबा. पुढच्या वर्षी पेंझियस प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांना फोन करणार आहेत. डिकी नेमकी हीच खरखर शोधायला यंत्र बांधतायत, आणि फोन ठेवल्यावर आपल्या पोरांना सांगणार आहेत की आपल्या आधी दुसऱ्यांनी बाजी मारली. ती खरखर म्हणजे विश्व तापलेलं आणि दाट होतं त्या काळाचा उरलेला प्रकाश, ताणत ताणत सूक्ष्मलहरी झालेला. नोबेल १९७८ मध्ये.

एक गंमत करा. वाटेत एडिसनमधल्या कुठल्याही घरात शिरा आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीचं बटण फिरवून रिकाम्या चॅनेलवर ठेवा. आपण ज्याला ‘मुंग्या आल्या’ म्हणतो, त्या मुंग्यांतला शेकड्याला एखादा भाग याच खरखरीचा असतो. होल्मडेलला दोन हुशार माणसं ज्यासाठी कबुतरांच्या मागे लागली, ते घरोघरी लोक वैतागून बंद करत होते. पुढे १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर गच्चीवर चढून ‘आलं का? आता आलं का?’ असं ओरडत अँटेना फिरवणाऱ्या आपल्या काकांनीही विश्वाचं बालपण असंच घालवून लावलं.

त्या खरखरीचं इतकं बारकाव्याचं चित्र व्हायला आणखी चार दशकं जावी लागली. ११ फेब्रुवारी २००३ ला (एडिसनचा वाढदिवस, पण तो योगायोग) नासाने निळ्या-पिवळ्या-लाल ठिपक्यांचं एक लंबगोल चित्र जाहीर केलं. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं तेव्हाचं. ज्या यानाने ते काढलं त्याला प्रिन्स्टनच्या डेव्हिड विल्किन्सन यांचं नाव दिलं. डिकींच्या ‘पोरां’पैकी ते एक. ठिपक्यांचे रंग अर्थातच दिलेले आहेत, फरक अंशाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. मला हे चित्र पाहिलं की जयंत नारळीकर आठवतात. १९६४ मध्ये, कर्णा खरखरत होता त्याच वर्षी, कोल्हापुरात जन्मलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून जगभर गाजत होता. विश्व महास्फोटातून जन्मलं, ही कल्पना त्यांनी कधी मनापासून स्वीकारली नाही. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, तिथे महास्फोट मानणारे संशोधक जमवले, आणि स्वतः शेवटपर्यंत दुसरी बाजू लढवली. पुरावा बहुतांशी समोरच्या बाजूला गेला असं माझं मत आहे. पण सगळे टाळ्या वाजवत असताना एकट्याने हात बांधून बसायला जे लागतं, ते त्यांच्याकडे होतं, आणि त्या हट्टाचा मला आदर वाटतो.

पुढचा मुक्काम पार्कवेवर नाही. मरे हिलला आतल्या रस्त्यांनी जावं लागतं. १९६९ चा ऑक्टोबर. तिथल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ फळ्यासमोर उभे आहेत. त्यांना कॅमेरा करायचाच नाहीये. वरून साहेबाचा लकडा आहे की संगणकाच्या स्मृतीसाठी काहीतरी नवं सुचवा. तासाभरात आकृती पूर्ण होते. सिलिकॉनच्या चकतीवर चौकटींच्या रांगा, प्रत्येकीत थोडा विद्युतभार, आणि तो विहिरीवरून हातोहात घागरी द्याव्यात तसा एका चौकटीकडून दुसरीकडे सरकवत कडेला न्यायचा. हीच सीसीडी. उजेड पडला की चौकटीत आपोआप भार जमतो, म्हणजे ही चकती बघूही शकते. फोटोच्या फिल्मवर शंभर प्रकाशकण पडले तर एक-दोन कामी येतात. चांगली सीसीडी सत्तर-ऐंशी वाया जाऊ देत नाही.

२००९ चं नोबेल या दोघांना मिळालं तेव्हा त्याच इमारतीतले मायकेल टॉम्सेट नाराज झाले. सीसीडीचा प्रत्यक्ष कॅमेरा केला तो त्यांनी, पेटंट त्यांच्या नावावर. १९७३ च्या जानेवारीत एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या कॅमेऱ्याने काढलेला रंगीत फोटो छापला गेला. फोटो टॉम्सेट यांच्या पत्नीचा होता. हबलचे प्रसिद्ध ‘सृष्टीचे खांब’ (तेही १ एप्रिलचेच, १९९५ मधले), शनीची कडी, मंगळाचे दगड, या सगळ्यांच्या आधी ही जर्सीतली एक गृहिणी. तुमच्या खिशातल्या फोनचा डोळा त्याच खटपटीतून पुढे आलेला आहे.

१९७२ चा डिसेंबर मात्र एडिसनमध्येच काढा. बाहेर जायला नको. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं आणि थोडे मराठी इंजिनियर, डॉक्टर आसपास भाड्याच्या घरांत येऊन राहिले आहेत. तुम्ही त्यातले एक आहात असं धरा. टेबलावर सोलापूरहून आलेलं निळं एअरोग्राम आहे. दुसरं वर्ष पाऊस नाही. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कुणी घेत नाही, मधल्या काकाच्या घरचे खडी फोडायला जातात, शाळेत पोरांना सुकडी मिळते, रेशनवर मिलो आहे. पत्राला यायला दोन आठवडे लागलेत.

७ डिसेंबरला चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१७ मधून तीसेक हजार किलोमीटरवरून पृथ्वीचा एक फोटो काढला जातो. पुढे पोस्टरांवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर, पर्यावरणाच्या मोर्च्यांत तोच. पूर्ण गोल, निळी, आफ्रिका मध्यावर, खाली अंटार्क्टिकाचं बर्फ. वरच्या उजव्या कडेला नीट बघा. अरबस्तानच्या पलीकडे, काठाशी ढगांचा एक भोवरा आहे. दोन दिवसांपूर्वी तामिळनाडूला झोडपून गेलेलं चक्रीवादळ. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोत बहात्तर सालचा भारत आहे, पार कडेला, आणि तोही पाण्याच्या रूपाने. खडी फोडणाऱ्या काकाला हे सांगणार कसं आणि सांगून उपयोग काय?

एका आठवड्याने, १४ डिसेंबरला, संध्याकाळी सहाला पाच कमी असताना टीव्ही लावा. चंद्रावरून यान उडताना दिसेल. माणसं यानात, मग कॅमेरा कोण धरून बसलंय? कुणी नाही. चांद्रगाडीवर बसवलेला आरसीएचा कॅमेरा आहे, टायरॉस जिथे झाला तिथेच बनलेला, आणि तो ह्यूस्टनहून एड फेंडेल नावाचा माणूस हलवतोय. आज्ञा चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद आणि चित्र परत यायला सव्वा सेकंद, म्हणून यान उडण्याआधीच ‘वर बघ’ म्हणायचं. अपोलो-१५ ला कॅमेऱ्याची मान अडकली, १६ ला गाडी उभी करायचं अंतर चुकलं. या वेळी जमलं. ठिणग्या उडाल्या, यान वर गेलं, कॅमेरा त्याच्यामागे वर गेला.

आता एकदम चाळीस वर्षं पुढे या. हा मुक्काम तुमच्यापैकी अनेकांनी खरोखरच केलेला आहे. २९ ऑक्टोबर २०१२, सोमवार. कोजागिरी.

सकाळीच दूध आटवून ठेवलंय, बदाम-पिस्ते, केशर, सगळं झालंय. चंद्र दिसायची मात्र सोय नाही, कारण सँडी नावाचं चक्रीवादळ येतंय. पौर्णिमेची भरती आणि वादळाचं पाणी एकत्र. ते कुठे येणार, हे मात्र कित्येक दिवस आधी सांगितलं गेलं होतं. नंतर युरोपच्या हवामान केंद्राने ध्रुवीय उपग्रहांची माहिती वगळून तेच गणित पुन्हा मांडून पाहिलं, तर चार-पाच दिवस आधी न्यू जर्सीचा अंदाजच येईना. त्या उपग्रहांची वंशावळ कॅम्प इव्हान्सच्या त्या राखाडी चित्राशी जाऊन भिडते. रात्री आठच्या सुमाराला वादळ अटलांटिक सिटीजवळ, ब्रिगँटाइनला जमिनीवर आलं. तुमच्या मागच्या अंगणातलं ओकचं झाड कण्हायला लागलं. एक निळा झगझगाट झाला आणि वीज गेली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसून फोन चार्ज करताय आणि पुण्याहून मावशीचा फोन लागतो.

“अगं बाई, लागला एकदाचा! कसे आहात रे सगळे? इथे टीव्हीवर वरून काढलेलं दाखवतायत, केवढं ते ढगांचं चाक! तुला दिसलं का?”

“नाही मावशी. आम्ही त्याच्या खाली होतो.”

“दूध प्यालात का?”

दूध प्यालात. गारच, मेणबत्तीच्या उजेडात, नासायच्या आत संपवायचं म्हणून दोन दोन पेले.

१ नोव्हेंबरच्या पहाटे, थंडी अंगावर घेत बाहेर या. वर सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह ८२४ किलोमीटरवरून जातोय. त्याचा एक डोळा रात्रीच्या मंद उजेडासाठीच बनवलेला आहे. ऑगस्टअखेरच्या त्याच्या चित्रात न्यूयॉर्कपासून फिलाडेल्फियापर्यंत सोन्याचा सलग पट्टा होता. आजच्या चित्रात जर्सीचा भाग ठिकठिकाणी विझलाय. ढग फाटलेत तिथे तारे बघा. चंद्र आहे म्हणून आकाशगंगा काही उजळ दिसणार नाही, पण मृग ठसठशीत आहे, ड्रेपरचा तेजोमेघ त्याच्या कमरेखाली धूसर दिसतो, नुसत्या डोळ्यांनी, रूट २७ पासून दोन गल्ल्यांवर. शेजारचा गृहस्थ जनरेटरमध्ये पेट्रोल ओततोय. परवापासून पेट्रोल सम-विषम नंबरप्लेटवर मिळणार आहे आणि हॅलोवीन गव्हर्नरसाहेबांनी सोमवारवर ढकललाय, त्यामुळे आकाश बघत उभं राहायला फारशी सवड कुणाला नाही. वीज आल्यावर ते काळं चित्र इंटरनेटवर पाहाल, आपली गल्ली शोधाल, आणि तिथे काही नसल्याचा जरासा अभिमानही वाटेल.

टायरॉसच्या वेळचा मुंबईकर, बहात्तरचा काका, वादळाखालचे तुम्ही. चित्रात असतो त्याला चित्राचा पत्ता नसतो. अपवाद एकच, आणि त्यासाठी फक्त नऊ महिने पुढे जायचंय. १९ जुलै २०१३, शुक्रवार. नारळीकरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस.

शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान त्या दिवशी शनीच्या सावलीत शिरणार आहे. सूर्य झाकला गेला की त्याचा सीसीडी कॅमेरा पृथ्वीच्या दिशेने वळवता येतो, एरवी तो सूर्याने भाजून निघेल. त्याच्या कॅमेऱ्यांच्या पथकाच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांनी सुचवलं की या वेळी लोकांना आधी सांगूया. नासाने वेळ जाहीर केली. एडिसनच्या घड्याळाने संध्याकाळी ५ वाजून २७ मिनिटांपासून पंधरा मिनिटं. बाहेर पडा, शनीकडे बघून हात हलवा.

तुम्ही न्यूयॉर्कहून आलेल्या गाडीतून मेट्रोपार्कला उतरताय. घामाने शर्ट चिकटलाय. शनी आत्ता आग्नेयेला, क्षितिजापासून तीसेक अंश वर आहे, उन्हात दिसत नाही एवढंच. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन हात वर करा. लोक बघतील, त्यांना वाटेल टॅक्सी बोलावताय. हा प्रकाश १४४ कोटी किलोमीटर जाणार, ऐंशी मिनिटं घेणार, आणि कड्यांच्या खाली एका निळसर ठिपक्यात जमा होणार. भारतात तेव्हा पहाटेचे तीन वाजायला आलेत आणि शनी केव्हाच मावळलाय, म्हणजे या चित्रात पुणं नाही. पहिल्यांदाच तुम्ही आहात आणि मावशी नाही.

रात्री नऊला, तिकडे शनिवारची सकाळ झाल्यावर, तुम्ही मोठ्या उत्साहाने फोन करून तिला हे सगळं सांगता. ती शांतपणे ऐकून घेते.

“म्हणजे शनीची दृष्टी पडावी म्हणून तू मुद्दाम उन्हात जाऊन उभा राहिलास?”

“मावशी, ते यान आहे गं. कॅमेरा आहे.”

“असेल. लोक शिंगणापूरला जाऊन तेल वाहतात त्याने बघू नये म्हणून, आणि तुम्ही तिकडे हात हलवा! आज शनिवारच आहे, मी मारुतीला जाऊन येते. तुझी रास कन्याच ना? साडेसाती चालूच आहे तुझी.”